मदत हवी आहे: थंडीने घेवडा-टोमॅटो करपला, झाकू कसं आणि पाणी कधी देऊ?

नमस्कार मंडळी. पुण्यात पाषाणला रामनदीच्या बाजूला, जरा सखल भागात आमचं बैठं घर आहे. मागच्या अंगणात चार वाफे आणि पंधराएक कुंड्या: घेवडा, टोमॅटो, वांगी, मेथी, पालक, लसूण. सासूबाईंना घरचा घेवडा फार आवडतो, म्हणून यंदा दोन वाफे त्याचेच केले होते.

परवा पहाटे बाहेर आले तर बोटं आखडली. कट्ट्यावरचा थर्मामीटर ४ अंश दाखवत होता, शिवाजीनगर वेधशाळेचं किमान तापमान मात्र ७च्या वर होतं. ऊन वर आलं तशी घेवड्याची पानं उकडल्यासारखी मऊ पडली. हातात घेतलं तर ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. दुपारपर्यंत टोमॅटोचे शेंडे काळे. मेथी, पालक, लसूण यांना काही झालं नाही. आणि हे कोडं सुटत नाहीये की आंब्याखाली ठेवलेल्या टोमॅटोच्या दोन कुंड्या ठणठणीत आहेत, त्यांच्यापासून दोन हातांवर उघड्यावर असलेल्या गेल्या.

थंडीत ओल नको म्हणून मी चार दिवस पाणीच दिलं नव्हतं. चुकलं का? शिवाय आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. २०० लिटरचा ड्रम मीटरभर उंच कट्ट्यावर आहे, त्यावर मोटरशिवाय ठिबक चालेल का? उरलेली झाडं वाचवायची आहेत, जीव तुटतोय अगदी.

प्रतिसाद १
ताई, तुमचं कोडंच तुमचं उत्तर आहे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पान आपली उष्णता थेट आकाशाला देऊन बसतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. हवा ४ अंश असली तरी पानावर शून्याच्या जवळ जाऊ शकतं. आंब्याच्या फांद्यांनी ते आकाश अडवलं. त्यात गार हवा जड, ती उतारावरून सखल भागात येऊन साचते. पुण्यात असं होत नाही असं समजू नका, १७ जानेवारी १९३५ला इथे १.७ अंशाची नोंद आहे.

म्हणून झाकण वरून हवं. चार काठ्या रोवून त्यावर जुनी चादर किंवा क्रॉप कव्हर (पिकांवर टाकायचं पातळ, हलकं कापड) टाका, कडा जमिनीला टेकवून विटा ठेवा, म्हणजे मातीची ऊब आत राहील. प्लास्टिक असेल तर पानाला चिकटू देऊ नका, चिकटतं तिथेच करपतं. सूर्यास्ताच्या आधी झाका, सकाळी ऊन आलं की काढा.

पाण्याचं म्हणाल तर हो, कोरडी माती चुकलीच. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री सोडते. थंडीची लाट यायच्या आधी सकाळी मुळाशी पाणी द्या. चिखल नको, पानं भिजवू नका. काळे शेंडे आत्ताच छाटू नका, थंडी ओसरेपर्यंत तेच खालच्या पानांवर पांघरूण आहेत. टोमॅटोला खालून फुटवे येतील, घेवड्याचं मात्र पुन्हा टोकावं लागेल असं वाटतं.

प्रतिसाद २
ठिबकाबद्दल. १ मीटर उंचीला जेमतेम ०.१ बार दाब मिळतो. ड्रिपरवर (थेंब सोडणारी तोटी) लिहिलेला ताशी लिटरचा आकडा साधारण १ बार दाबाचा असतो, त्यामुळे ताशी ४ लिटरचा साधा ड्रिपर इथे ताशी सव्वा लिटरच्या आसपास देईल. कुंड्यांना तेवढं पुरतं, दोन-तीन तास चालू ठेवा. पीसी ड्रिपर (दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे) घेऊ नका, इतक्या दाबाला ते नीट चालत नाहीत. ड्रमच्या तोंडाशी गाळणी लावाच.

वाफ्यांसाठी आमच्याकडे माठ पुरलेत. गळ्यापर्यंत मातीत, वर झाकणी. माती कोरडी होईल तसं पाणी झिरपतं, दिवसाआड भरलं तरी चालतं. वर उसाचं पाचट अंथरलं की ओल टिकते. नळीने पाणी घालण्यापेक्षा पुष्कळ वाचतं, हे अनुभवाने सांगते.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आज संध्याकाळीच काठ्या रोवते. घरात दोन जुने माठ आहेत, एकाला बाहेरून ऑइलपेंट दिलाय. तो चालेल? आणि तळाला भोक पाडायचं का?

प्रतिसाद २
भोक अजिबात नको, माठ अंगानेच झिरपतो. रंगवलेला घेऊ नका, रंगाने छिद्रं बुजतात. बिनरंगाचा पुरा, आणि आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा.