सल्ला हवा: एअर रायफलचा नेम सुधारायचाय, बजेट १५ हजार, कोल्हापूर

बोळातला_नेमबाज
नमस्कार मंडळी. काकांची जुनी .१७७ ची (नळीचं छिद्र तेवढे इंच) स्प्रिंगवाली एअर रायफल माझ्याकडं आलीय, नळी खाली वाकवून छर्रा भरायची. शिवाजी पेठेत घरामागं आमचाच बंद बोळ आहे, टेपनं मोजला, १० मीटर भरतोय. खोक्यात जुनी गोधडी कोंबून पुढं टार्गेट चिकटवतो, मागं दगडी भिंत. उशीवर टेकवून मारले तरी ५ छर्रे चहाच्या बशीएवढे पांगतात. आजोबा दाजीपूरच्या रानात शिकारीला जायचे, त्यांच्या गोष्टी ऐकून हे खूळ लागलंय. शिकार करायची नाही, नेम पाहिजे. नवी रायफल घेऊ, स्कोप (नेमाची दुर्बीण) बसवू, की आणखी काय? १५ हजारांच्या वर गेलो तर बायको बंदुकीसकट बाहेर काढेल.

लाखाची_गोष्ट
स्प्रिंग विकून टाका. लेकीला जर्मन पीसीपी घेतली, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, अडीच लाख गेले, पण वस्तू बघा! धक्का नाही, आवाज नाही. घ्यायचं तर एकदाच घ्या.

बोळातला_नेमबाज
दादा, १५ हजार. पंधरा.

लाखाची_गोष्ट
हप्ते करून देतात.

तांबडा_पांढरा
स्कोप लाव भावा, विषय संपला.

उसातला_माणूस
राधानगरीकडं या. डुकरं ऊस लोळवायलीत. रात्री बांधावर बसा, सराव पण हुतोय आणि आमचं काम पण.

खाकी_निवृत्त
असलं जाहीर लिहू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, डुक्कर पिकात शिरलं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. आणि .१७७ च्या छर्र्यानं डुक्कर मरत नाही, जखमी होऊन पिसाळतं, मग तुम्ही उसात आणि ते मागं. धागाकर्ते, दाजीपूर १९५८ पासून अभयारण्य आहे. आजोबा कुठल्या साली जायचे ते इथं लिहू नका.

मिसळ_डबल_पाव
ते राहू द्या, परवाना काढलाय का? पोलीस उचलतील.

खाकी_निवृत्त
.१७७ आणि छर्र्याचा जोर २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र मागतो, तेवढंच.

एनसीसी_८९
पैसे घालवू नका. रोज रिकामी बंदूक रोखून १०० वेळा घोडा ओढा. आम्ही असंच शिकलो. डावा डोळा गच्च मिटायचा.

दुधाळी_सकाळ
थांबा! स्प्रिंगच्या बंदुकीचा घोडा रिकामा ओढायचा नाही. छर्रा नसला की पिस्टनला पुढं हवेची उशी मिळत नाही, तो थेट धडकतो. स्प्रिंग आणि सील दोन्ही जातात. मी एक अशीच घालवलीय, घरच्यांनी अजून ऐकवायचं सोडलं नाही.

दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर चार वर्षं घातली, राज्य स्पर्धेच्या पुढं गेले नाही, पण एवढं कळलं. आधी दस्त्याचे, म्हणजे बंदुकीच्या लाकडाचे, स्क्रू आवळा. माझे दोन महिने ढिल्या स्क्रूवर गेले आणि मी श्वासाला दोष देत बसले होते. मग छर्रे पांढऱ्या ताटलीत ओता, मागचा घेर चेपलेले बाजूला काढा. जुन्या डबीत निम्मे तसले निघतात. शिसं आहे, जेवायच्या आधी हात धुवा.

धरणं सगळ्यात महत्त्वाचं. स्प्रिंगची बंदूक छर्रा नळीतून सुटायच्या आधीच हलायला लागते. आवळून धरली, उशीवर दाबली, की दर वेळी वेगळी उडते. डाव्या पंजावर नुसती ठेवा, पंजा उशीवर, खांद्याला हलकी टेकवा. अर्धा श्वास सोडून थांबा, घोडा हळूहळू दाबत जा, सुटल्यावरही माशीवरची (नळीच्या टोकाच्या खुणेवरची) नजर क्षणभर हलवू नका. नेम धरून डोळे मिटा, अंग सैल सोडा, डोळे उघडा. माशी सरकली असेल तर हातानं ओढून आणू नका, स्वतःचं बूड सरकवा.

आणि डावा डोळा मिटू नका, चेहरा आखडतो. चष्म्याच्या डाव्या काचेवर पांढऱ्या कागदाचा तुकडा लावा. खर्च शून्य.

एनसीसी_८९
आम्ही .२२ वर एक डोळा मिटूनच बक्षीस घेतलंय, ताई. आमच्या राही सरनोबतनी पण रायफल अशीच...

मिसळ_डबल_पाव
काका, राही पिस्तूलवाली. रायफल म्हणजे तेजस्विनी सावंत, २०१० म्युनिकची जगज्जेती, ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून.

उसातला_माणूस
आणि आमच्या तालुक्यातला स्वप्नील कुसाळे, कांबळवाडीचा. पॅरिस २०२४, ब्राँझ. गावाकडं या म्हणतोय ते उगाच न्हाई.

लाखाची_गोष्ट
यातलं कोणी स्प्रिंग घेऊन गेलं नव्हतं.

तांबडा_पांढरा
स्कोप.

दुधाळी_सकाळ
१० मीटरला स्कोप नको. बरेच स्कोप लांबच्या पल्ल्याला जुळवलेले असतात, एवढ्या जवळचं धूसर दिसतं. शिवाय स्प्रिंगचा धक्का पुढं-मागं दोन्हीकडं बसतो, साधा स्कोप खिळखिळा होतो. १५ हजारांत चांगले छर्रे घ्या आणि महिनाभर रेंजवर या. उरलेल्यात बायकोला काहीतरी घ्या.

बोळातला_नेमबाज
तीन आठवड्यांनी लिहितोय. दस्त्याचा पुढचा एक स्क्रू अक्षरशः हातानं फिरत होता. तो आवळला, पंजावर धरायला लागलो, चष्म्याला कागद लावला. काल ५ पैकी ४ छर्रे १० रुपयांच्या नाण्याखाली झाकले. पाचवा कुठं गेला ते गोधडीलाच माहीत. ताई, उपकार.

आता शिव्या घाला. स्कोप घेतला, ६ हजारांचा. छर्र्यांची डबी ऑर्डरमधून काढली.

दुधाळी_सकाळ
टार्गेट दिसतंय का?

बोळातला_नेमबाज
धुकं दिसतंय. पण बंदुकीवरून काढून गच्चीवर नेला, तर जोतिबाचा डोंगर काय दिसतोय म्हणता! सध्या बायकोकडंच आहे.

तांबडा_पांढरा
म्हटलं होतं, स्कोप घे.