चार बाय सहाचं बाथरूम : तुम्ही काय बदललंत?

आमचा डोंबिवलीतला फ्लॅट १९९७ सालचा. बाथरूम चार बाय सहा, वर माळा, माळ्याखाली गिझर. फिकट गुलाबी टाइल्स आणि त्यांच्या सांध्यांतलं काळं पडलेलं व्हाइट सिमेंट. खाली कोपऱ्यात दोन बादल्या, पाट, कपड्यांचा ब्रश, साबणचुऱ्याची पिशवी, मुलीचे शॅम्पू, सासूबाईंची वजरी. रोज सगळं उचलायचं, फरशी घासायची, परत तिथंच मांडायचं. दिवाळीआधी ठरवलं, बादली सोडून खालची एकूण एक वस्तू भिंतीवर जाणार.

तोडफोड केली नाही. सांधे खरवडून त्यांत इपॉक्सी ग्राउट भरून घेतलं. दाराच्या वर, जिथं पाणी उडत नाही तिथं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नऊ इंच रुंद कडप्प्याची फळी बसवली. साध्या आरशाच्या जागी आरशाचं कपाट आलं. जुन्या टाइल्सचा गुलाबी रंग तसाच आहे, पण सांधे राखाडी झाल्यावर तोच रंग आता डोळ्यांना बरा वाटतो. पहिल्या दिवशी मोकळी फरशी बघत मी दारात नुसती उभी राहिले.

एक चुकलं. कपाट पाच इंच खोल घेतलं, तोंड धुवायला वाकलं की कपाळाला लागतं. चार इंचांच्या आत घ्यायला हवं होतं.

तुम्ही काय केलंत? पैसे कुठं वाया गेले? मापांसकट लिहा, कुणाचं तरी काम सुरू व्हायचं असेल.

कोथरूड, पुणे

ताई, फळीची जागा छान शोधलीत. मला कोनाडा हवा होता. आजीच्या वाड्यातल्या मोरीत शिकेकाईचा डबा ठेवायचा कोनाडा होता, तो डोक्यातून जात नव्हता. पण वाड्याची भिंत दीड फूट जाड आणि आमची बेडरूमकडची भिंत चार इंची. गवंडी ठोकून बघून म्हणाला, "साहेब, इथं खोदलं तर मागे नुसतं प्लास्टर राहील." मग त्यानंच दुसरा मार्ग सांगितला. नळाच्या भिंतीला लागून साडेतीन फूट उंचीची विटांची भिंत चढवायची, पाइप तिच्यात घ्यायचे आणि माथ्यावर ग्रॅनाइट बसवायचा. जागा थोडी गेली, पण चार फूट लांब कट्टा मिळाला. साबण, तेल, दाढीचं सामान, एक मनीप्लांट, सगळं तिथं मावतं.

ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायला सांगा. आमच्याकडे तो राहिला होता. साबणाखाली पाणी साचून लिबलिबीत थर जमायचा, शेवटी ग्रॅनाइट उखडून परत बसवावा लागला. आणि बोअरचं पाणी असेल तर काळ्या टाइल्स घेऊ नका. क्षारांचे पांढरे ओघळ त्यांच्यावर लांबून दिसतात.

नाशिक

आमच्याकडे काम निघालं ते आईमुळे. तिचं वय ७८. मागच्या पावसाळ्यात ती न्हाणीत (ती बाथरूम कधी म्हणतच नाही) पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण नंतर तिनं आंघोळीला जाणंच लांबवायला सुरुवात केली. सकाळी हाक मारली की म्हणायची, "तुम्ही उरका आधी." मला ते फार लागलं.

टाइल्स निवडताना मी दुकानात प्रत्येक नमुना ओला करून त्यावर अनवाणी उभा राहिलो. ज्याच्यावर पाय सरकला नाही तो घेतला, रंगाचा विचार नंतर केला. मात्र जमीन आणि भिंत एकाच रंगाची ठेवली नाही. आईला मोतीबिंदू आहे, कडा कुठं संपते ते तिला दिसलं पाहिजे. फरशीवर फरशी चढवली तर काम स्वस्तात होतं, असं सगळे सांगत होते. पण तसं केल्यानं आतली जमीन वर येते, उंबऱ्याचा आडोसा कमी होतो आणि पाणी बाहेर यायची भीती राहते. म्हणून जुनी फरशी काढली, वॉटरप्रूफिंग केलं आणि नाहणी ट्रॅप (जमिनीतली पाणी वाहून जायची वाट) बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवलं. खालच्या काकूंना दोन वेळा छत बघायला सांगितलं. ओल दिसली नाही, तेव्हाच टाइल्स लावू दिल्या. फरशीवाला घाई करत होता. मी अडून बसलो, त्याचं आज समाधान आहे.

आधाराची दांडी विटांच्या भिंतीत अँकर बोल्टनं बसवा आणि बसल्यावर स्वतःचा सगळा भार टाकून बघा. टॉवेलची दांडी त्या जागी चालत नाही. माणूस पडताना हाताला येईल ते धरतो आणि ती भार घेत नाही. आईची दांडी तिच्या उजव्या हाताशी, ती उभी असताना हात आपसूक जातो त्या उंचीवर आहे. पुस्तकातलं माप न घेता तिला स्टुलावर बसवून, उठवून, पेन्सिलीनं भिंतीवर खूण केली. तेल, साबण, तांब्या बसल्या जागी हाताला येतील असे ठेवले. आता ती पुन्हा सकाळी सगळ्यांच्या आधी जाते, आतून तिचं स्तोत्र ऐकू येतं.

बेंगळुरू, भाड्याचं घर

भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही. हवेच्या दाबानं चिकटणारे हुक दोनदा घेतले, दोन्ही वेळा रात्री सामानासकट खाली. शेवटी दारावर अडकवायचे हुक आणि कमोडच्या मागच्या जागेत सात इंच रुंद चाकांची मांडणी. घर बदलताना दोन्ही सोबत येतील.

सांगली

वॉश बेसिनखालचं कपाट प्लायचं करू नका. सुतारानं वॉटरप्रूफ म्हणून दिलं होतं, तरी कापलेल्या कडांतून पाणी शिरलं आणि दोन पावसाळ्यांत दारं फुगली. आता पीव्हीसीचं केलंय, तेही जमिनीपासून आठ इंच वर, म्हणजे खाली खराटा फिरतो.

लेस्टर, इंग्लंड

इथं टबाबाहेर जमिनीत पाण्याला वाटच नाही, म्हणून बादली-तांब्या टबात. सगळ्यात मोठा त्रास बुरशीचा. मी भिंतींना रंग दिला, सुंदर टोपल्या आणल्या, थंडीत खिडकी बंद राहिली आणि फेब्रुवारीपर्यंत टोपल्यांच्या तळाशी काळे ठिपके आले. मग चांगला एक्झॉस्ट पंखा बसवला, आंघोळीनंतर वीस मिनिटं चालू ठेवते आणि काचेवरचं, टाइल्सवरचं पाणी रबरी पट्टीनं ओढून घेते. वेताच्या टोपल्यांऐवजी तारेच्या घेतल्या. सजावट पुन्हा करायची तर पंख्यापासून सुरुवात करीन.

रत्नागिरी

खाऱ्या हवेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्टीलचे स्टँड आणताना ३१६ ग्रेड (खाऱ्या हवेत जास्त टिकणारं स्टेनलेस स्टील) आहे का ते विचारा. मी स्वस्तातला आणला, वर्षभरात गंजाचे ओघळ नव्या टाइल्सवर उतरले. आता हुक पितळी आहेत.

आमची मोरी परसात होती, बंब तिथंच पेटायचा. ती पाडून आत बाथरूम केलं, तेव्हा आजोबांचं तांब्याचं घंगाळ भंगारात द्यायला निघालं होतं. बायकोनं ते परत आणलं, चिंच-मीठ लावून घासलं आणि खिडकीखालच्या जांभ्याच्या कट्ट्यावर ठेवलं. त्यात धुतलेले पंचे गुंडाळून उभे ठेवतो. नऊच्या सुमारास खिडकीतून ऊन येतं तेव्हा अर्धी भिंत तांबूस होते.