शब्दचर्चा: ‘सूक्ष्मजीवांपासून प्रेरित मूळ डिजिटल शिल्पे’

घडणावळ:
माझी भाची शिल्पं करते, पण दगडमातीला हात न लावता. सेकंड लाइफ या आभासी जगात तिने जागा घेतली आहे आणि तिथे रेडिओलॅरिया, डायाटम, व्हॉल्व्हॉक्स या पाण्यात राहणाऱ्या इवल्याशा जीवांच्या आकारांवरून इमारतीएवढ्या रचना उभ्या केल्या आहेत. अवतार, म्हणजे त्या जगातलं आपलं रूप, घेऊन गेलं की त्यांच्या काट्यांमधून, जाळीच्या भोकांतून आरपार हिंडता येतं. ही कामं आता पुण्यात पडद्यांवर दाखवायची आहेत आणि पाटी मराठीतच हवी, असा तिचा हट्ट. शीर्षकात दिलाय तो तिचा मसुदा. मला त्यातला ‘डिजिटल’ सोडून एकही शब्द धड वाटत नाही. मंडळी, सुचवा.

नळस्टॉप:
‘डिजिटल’चं ‘अंकीय’ करा म्हणणारं कुणीतरी येईलच, म्हणून आधीच सांगतो, नको. ‘अंकीय शिल्प’ म्हटलं की मला शिळेवर कोरलेला पाढा दिसतो. पण ‘शिल्प’ तरी चालेल का? हात लावता येत नाही, वजन नाही, सावलीसुद्धा संगणकाने मोजून पाडलेली.

जुनापुराणा:
शिल्पाला दगड लागतोच, हे कुणी ठरवलं? शिल्पशास्त्रात देऊळ, मूर्ती, वास्तू सगळंच येतं. हस्तशिल्पात बांबू येतो, सूत येतं. यशवंतरावांना आपण महाराष्ट्राचे शिल्पकार म्हणतो तेव्हा त्यांच्या हातात छिन्नी नव्हती. तेव्हा नाम ठीक आहे, अडतं ते क्रियापदाशी. लेणं कोरतात, मूर्ती घडवतात, पुतळा ओततात. भाची नेमकं काय करते?

घडणावळ:
शेजारी बसून पाहिलंय, म्हणून सांगतो. सेकंड लाइफ २००३ मध्ये सुरू झालं तेव्हा घडवायला हाताशी होते ते प्रिम, म्हणजे घन, गोल, वृत्तचिती, प्रिझम, कडी असे ठरीव आकार. ते ताणायचे, पिळायचे, पोकळ करायचे, कापायचे आणि एकमेकांना जोडायचे. तिचा पहिला रेडिओलॅरिया असाच झाला, काटे म्हणजे टोकाकडे निमुळत्या केलेल्या वृत्तचित्या. २००७ मध्ये स्कल्प्टेड प्रिम आले. ही भानगड मला फार आवडली. एक चित्र द्यायचं, त्यातल्या प्रत्येक ठिपक्याचं लाल, हिरवं, निळं मूल्य म्हणजे पृष्ठभागावरच्या एकेका बिंदूची तीन दिशांतली जागा. रंग बदलला की बिंदू सरकतो. म्हणजे तिथे रंगवणं हेच घडवणं! २०११ पासून मेश, म्हणजे बाहेर तयार केलेली त्रिमितीय जाळी, चढवता येते, तेव्हापासून ती बरंचसं काम ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. तिथे ब्रशने फुगवायचं, खरवडायचं, गुळगुळीत करायचं. तिच्या तोंडी ‘प्रिम पिळले’, ‘मेश चढवली’ असंच असतं. पाटीवर काय लिहू?

जुनापुराणा:
‘घडवली’. यातलं सगळं त्यात बसतं.

पेशीजाल:
‘सूक्ष्मजीव’वर माझा आक्षेप आहे. जोडून लिहिलेला ‘सूक्ष्मजीव’ आता शाळेपासून जीवाणू, विषाणू, रोग, लस, दह्याचं विरजण असाच डोक्यात बसलेला असतो. पाटी वाचणारा गोल-गोल जीवाणू शोधत बसेल. तोडून लिहिलेलं ‘सूक्ष्म जीव’ जास्त मोकळं आहे, नुसते अतिशय लहान जीव. (‘जंतू’ तर अजिबात नको, लगेच जंतुनाशकाचा वास येतो.) व्हॉल्व्हॉक्ससाठीही तेच बरं. तो पेशींचा पोकळ गोल, आतमध्ये पिल्लं-गोल फिरत असतात, आणि डबक्याच्या पाण्यात तो नुसत्या डोळ्यांनासुद्धा हिरव्या ठिपक्यासारखा दिसू शकतो.

डायाटमला जुन्या परिभाषेत ‘करंडक वनस्पती’ असा शब्द आहे. तो पाटीत नाही तरी खाली माहितीत जरूर घ्या, कारण कुंकवाचा करंडा बघितलेल्या माणसाला निम्मं जीवशास्त्र तिथेच कळतं. कवच सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच कुळातलं, आणि दोन भागांचं. एक किंचित मोठा, दुसऱ्यावर झाकणासारखा बसणारा. पेशी दुभंगते तेव्हा एकीकडे झाकण जातं, दुसरीकडे तळ. दोघीही उरलेला भाग नव्याने करतात, पण तो नेहमी आतून बसणारा. म्हणजे जिच्या वाट्याला तळ आला तिचं तेच आता झाकण, आणि ती आईपेक्षा लहान भरते. पिढ्यांमागून पिढ्या सरासरी आकार उतरत जातो. मग लैंगिक प्रजननातून ऑक्झोस्पोर ही फुगत जाणारी पेशी तयार होते आणि आकार परत मोठा होतो. भाचीला विचारा, तिने फक्त नक्षी घेतली की हा उतरता क्रमही? ‘प्रेरित’ लिहायचं की ‘आधारित’, हे त्यावर ठरेल.

पुण्यात डायाटमवर काम चालतं ते आघारकर संशोधन संस्थेत. आघारकर संस्था आगरकर रस्त्यावर आहे, आणि दोन्ही नावं वेगवेगळ्या माणसांची आहेत. शब्दचर्चेच्या धाग्यावर हे सांगून ठेवलेलं बरं, पत्रं चुकतात.

नळस्टॉप:
‘प्रेरित’ मराठीत थोडा वेगळ्याच कामाला लागलेला शब्द आहे. ‘राजकीय हेतूने प्रेरित’, ‘स्वार्थप्रेरित’. आणि ‘पासून प्रेरित’ ही तर हिंदी ‘से प्रेरित’ची उचल. रेडिओलॅरियाने कुणाला कसली प्रेरणा दिली? तो बिचारा समुद्रात तरंगत होता. ‘वरून सुचलेली’ म्हणा की सरळ.

पेशीजाल:
हे पटलं. एक उदाहरण देते. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन-जहाजाने समुद्रातून जे नमुने आणले, त्यातल्या रेडिओलॅरियांचं वर्णन अर्न्स्ट हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाने केलं, हजारो जाती, चित्रांसकट. ती चित्रं बघून रेने बिने या वास्तुविशारदाने पॅरिसच्या १९०० च्या जागतिक प्रदर्शनाचं प्रवेशद्वार केलं. हेकेलची चित्रं रेडिओलॅरियांची आहेत. दरवाजा रेडिओलॅरियांवरून सुचलेला आहे. कुणी त्याला रेडिओलॅरियाची प्रतिकृती म्हणणार नाही. भाचीचं काम दरवाजाच्या बाजूला पडतं की चित्रांच्या?

घडणावळ:
दरवाजाच्या. शिवाय विचारलं तिला, उतरता क्रमही आहे. एका शिल्पात एकाच्या आत एक बसत जाणारे करंडे आहेत, सगळ्यात आतला अवताराच्या मुठीत मावेल एवढा.

जुनापुराणा:
मग ‘मूळ’ काढाच. मराठीत ‘मूळ’ म्हणजे ज्याच्यापासून निघालं ते. मूळ प्रत, मूळ गाव, मूळ रक्कम. इथे मूळ तो जीव आहे आणि शिल्प त्याच्यानंतरचं. ‘अस्सल’ म्हणाल तर बनावट कुणाचं, हा प्रश्न येतो. ‘मौलिक’ आपल्याकडे विचारांना आणि मार्गदर्शनाला राखीव. तिला म्हणायचंय ते ‘स्वतंत्र’, म्हणजे नक्कल न केलेलं.

नळस्टॉप:
डिजिटलमध्ये मूळ प्रत अशी असते तरी का? सगळ्या प्रती सारख्याच.

घडणावळ:
सेकंड लाइफमध्ये वस्तूच्या माहितीत घडवणाऱ्याचं नाव राहतं, ती कुणाकडेही गेली तरी. आणि पुढच्या मालकाला बदलता येईल का, प्रत काढता येईल का, दुसऱ्याला देता येईल का, या तीन परवानग्या घडवणारा ठरवतो. तेव्हा मूळ प्रत नसली तरी मूळ कर्ता आहे.

पेशीजाल:
‘आभासी’बद्दल कुणीच बोललं नाही. बालभारतीच्या पुस्तकात आभासी प्रतिमा म्हणजे पडद्यावर न घेता येणारी. संयुक्त सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेतून दिसते ती प्रतिमाही आभासीच असते. म्हणजे हेकेलनेही जे बघून काढलं ते आभासीच होतं! ‘आभासी जग’ खुशाल लिहा, शब्द या घरचाच आहे. आणि गंमत म्हणजे तुम्ही ते पडद्यांवरच दाखवणार आहात.

घडणावळ:
तर पाटी: ‘सूक्ष्म जीवांवरून सुचलेली, आभासी जगात घडवलेली शिल्पे’. ‘स्वतंत्र’ भाचीनेच काढला. सुचलेली म्हटल्यावर नक्कल नाही हे आलंच, म्हणाली. ‘डिजिटल’ही गेला, ‘आभासी जगात’ने त्याचं काम केलं. म्हणजे मला धड वाटत होता तेवढाच शब्द उडाला.

जुनापुराणा:
सूक्ष्म आणि जीव यांच्यातली जागा छापणाऱ्याला तोंडी सांगा आणि कागदावर खूण करून द्या. नाहीतर तो जोडून टाकेल.