'ग्रा' नव्हे, 'ग्रास'च

'कू द ग्रास' (coup de grâce) या इंग्रजीतही वापरल्या जाणाऱ्या फ्रेंच शब्दप्रयोगाचा उच्चार कसा करायचा, यावर चर्चा चालली आहे. फ्रेंचमध्ये शेवटचं व्यंजन उच्चारत नाहीत म्हणून 'कू द ग्रा' म्हणावं, असं त्यात कोणीतरी सुचवलंय. 'कू'पुरतं ते बरोबर आहे, तिथे शेवटचा पी गिळलाच जातो. पण 'ग्रास'च्या स्पेलिंगमध्ये सीनंतर ई आहे, त्यामुळे 'स' स्पष्ट ऐकू यायला हवा. तो खाल्ला की उरतो 'ग्रा', म्हणजे चरबी! 'मार्दी ग्रा' (Mardi Gras) या सणाच्या नावात तोच शब्द आहे आणि तिथे तो योग्यच. इंग्रजी बोलणारेही सर्रास हीच चूक करतात. फ्रेंच वाटावं म्हणून फ्रेंचच बिघडवायचं, हे मला खरंच खटकतं.

चर्चेत अर्थाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून सांगतो. 'कू' म्हणजे घाव आणि 'ग्रास' म्हणजे इथे दया. तडफडणाऱ्या जखमीची यातनांतून सुटका करणारा तो घाव. गोळ्या घालून मृत्युदंड देताना पहिल्या फैरीनंतरही जीव उरला, तर जवळून डोक्यात झाडलेली शेवटची गोळी, तिलाही हेच नाव. इंग्रजीत मात्र दया गळून पडली आणि नुसता 'निर्णायक तडाखा' उरला. बुद्धिबळातली शेवटची चालसुद्धा आता 'कू द ग्रास' होते. मराठीत 'अखेरचा घाव' म्हटलं तरी ती करुणा हरवतेच.