मदत हवी आहे: लॅब्रॅडॉर डमी उचलते, पण आणून देत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही मिनेसोटात राहतो. काजळ ही आमची काळी लॅब्रॅडॉर, सात महिन्यांची. शेजारचे आजोबा जुने बदक-शिकारी. हिला तळ्यात उडी मारताना बघून त्यांनी ठरवूनच टाकलंय की सप्टेंबरअखेर सीझन उघडला की हिला न्यायची. मी बंदूक धरत नाही, आमच्याकडे अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं. पण पडलेला पक्षी उचलून आणणं हे काम कुत्रीच्या रक्तातच आहे तर करू दे, असं वाटतं. भारतात वन्यजीव कायद्यामुळे शिकार बंद, त्यामुळे तिकडच्या कुत्रेवाल्या मित्रांना विचारून उपयोग नाही.

अडचण अशी. घरातल्या पॅसेजमध्ये डमी (पक्ष्याऐवजी सरावाला फेकायची कॅनव्हासची गुंडाळी) फेकली की शहाण्यासारखी हातात आणून देते. मैदानात मात्र अर्ध्या वाटेवर थांबते, कान मागे घेऊन माझ्याकडे बघते आणि पळत सुटते. मी मागे धावलो की आणखी जोरात. शेवटी झाडाखाली बसून डमी चावते. कॅनव्हासची शिवण उसवून आतला भुसा बाहेर आलाय.

दुसरं, आजोबांनी मागच्या रविवारी न सांगता तिच्याजवळच बंदुकीतून छर्रे नसलेल्या, नुसत्या आवाजाच्या काडतुसाचा बार काढला. ती गाडीखाली जाऊन बसली ती अर्धा तास बाहेर येईना.

तिसरं म्हणजे आमची आई. मी 'बस' शिकवलंय, आणि आई फोनवर दिवसभर 'बस झालं गं आता' म्हणत असते. बिचारी दर वेळी बसते, खाऊ मिळत नाही, आता माझंही ऐकेनाशी झालीय.

प्रतिसाद

मागे धावणं आजपासून बंद. तिच्या दृष्टीने तो पकडापकडीचा खेळ आहे. ती डमी उचलते त्या क्षणी तुम्ही उलट दिशेला पळा. दहा मीटरची हलकी दोरी बांधून ठेवा, म्हणजे निसटता येणार नाही. आली की डमी हिसकावू नका. तोंडात राहू दे, छाती चोळा, मग घ्या. तीन-चार फेकींनंतर, तिला अजून हवं असतानाच थांबा आणि डमी कपाटात. चावायला मिळाली की उचललेली वस्तू जोरात चावायची सवय लागते, पुढे पक्षी चेंदलेला येईल.

बंदुकीच्या बाराचं प्रकरण जास्त गंभीर आहे. आजोबांना नम्रपणे सांगा, या वर्षी नाही. महिनाभर आवाज नको. नंतर कुणीतरी शंभर-दीडशे मीटरवरून खेळण्यातलं टिकलीचं पिस्तूल वाजवायचं, तेही ती डमीमागे धावत असताना. तिने दचकून मान वळवली तर अंतर वाढवा. जवळ यायला कित्येक आठवडे लागले तरी लागू देत.

आईंना बदलू नका, शब्द बदला. शिट्टी घ्या: एक लांब म्हणजे बसणे, तीन आखूड म्हणजे परत येणे. तळ्यावर वाऱ्यात तुमचा आवाज तसाही पोचणार नाही.

धागाकर्ता

तीन आठवडे झाले. दोरीने काम केलं, कालच्या पाचपैकी चार फेकी थेट हातात. आजोबा थोडे रुसलेत, पण पुढच्या वर्षावर राजी झाले.

शिट्टीवर छान बसते. फक्त काल वरणाचा कुकर लावला होता, तर दर शिट्टीला स्वयंपाकघराच्या दारात बसून खाऊची वाट बघत होती. यावर काय करावं?