स्टीलच्या डब्यांवर सीओटू लेझरने नाव घालायचंय : मार्किंग पेस्ट किती पातळ करू, कशी लावू?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. सांगलीत माझं छोटं वर्कशॉप आहे. ६० वॅटचं सीओटू मशीन, तीन वर्षं अ‍ॅक्रिलिक आणि एमडीएफची कामं करतोय. धातूला हात लावला नव्हता. आता एका लग्नाची ऑर्डर आलीय : आहेराला द्यायचे १२० स्टीलचे डबे, झाकणावर वधूवरांची नावं आणि तारीख. भांड्यांच्या दुकानात सुईच्या मशीनने टिकटिक करत नाव घालून देतात, तसं त्यांना नकोय. काळं, ठसठशीत, सुबक देवनागरीत हवंय.

मार्किंग पेस्टची, म्हणजे धातूवर लावून लेझरने भाजायच्या पेस्टची, छोटी डबी मागवली. फार घट्ट निघाली, म्हणून घरातलं सॅनिटायझर घालून पातळ केली आणि ब्रशने लावली. २५० मिमी प्रतिसेकंद वेग, ८० टक्के पॉवर. धुतल्यावर अक्षरं झकास दिसली. मग तारेच्या घासणीने दोन हात मारले तर शिरोरेखा जागच्या जागी आणि खालची अक्षरं अर्धी गायब! ब्रशच्या रेघाही तशाच उमटल्यात.

पेस्ट कशाने पातळ करायची, किती करायची, आणि ब्रश बरा की स्प्रे? पेस्ट महाग आहे, प्रयोगात संपवायची नाही. लग्नाला १९ दिवस आहेत.

सातपूरकर

दादा, तुमच्या शिरोरेखेनेच अर्धं उत्तर दिलंय. लेझरच्या काचेच्या ट्यूबला पूर्ण ताकदीवर यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. २५० च्या वेगाने तेवढ्यात हेड पाव मिलिमीटर पुढे गेलेलं असतं. शिरोरेखा लांब, तिथे किरण सलग चालू राहतो, म्हणून ती भाजली. काना, वेलांटी, अनुस्वार हे बारीक तुकडे. तिथे ट्यूब ताकदीवर यायच्या आतच बंद. वेग १०० वर आणा. दोन ओळींमधलं अंतर ०.०८ मिमी ठेवा. पॉवर तुमच्या ट्यूबच्या वयावर ठरेल, म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला नको, एखाद्या भंगार स्टीलच्या पट्टीवर छोट्या चौकोनांची जाळी मारून बघा आणि प्रत्येक चौकोन घासणीने घासा. नुसतं दिसायला काळं आलं याला काही अर्थ नाही, घासून टिकलं ते खरं.

आता पेस्ट. सॅनिटायझर पुन्हा वापरू नका. त्यात पाणी असतं, ग्लिसरीन असतं. जेलवाल्यात आणखी चिकट द्रव्य. ग्लिसरीन वाळत नाही, थर धातूला धरत नाही. आधी डबीवरचं लेबल वाचा, कारण काही पेस्ट पाण्यात पातळ करायच्या असतात. तुमची स्पिरिटवाली असेल तर डीनेचर्ड स्पिरिट किंवा ९९ टक्क्यांचं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पीसीबी साफ करायला मिळतं ते आयपीए चालतं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्केवालं नको.

प्रमाण : मी ब्रशसाठी एक चमचा पेस्टला एक चमचा आयपीए घेतो. एअरब्रशसाठी, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक फवारणाऱ्या ब्रशसाठी, एकाला दीड, कधी दोन. चमचा एकच वापरा, काट्यावर तोलू नका. पेस्ट जड असते, वजनाने सारखं घेतलंत तर आयपीए फार जास्त पडतं. आणि लागेल तेवढीच पातळ करा. मी एका वेळी १५-२० झाकणांपुरती करतो.

पेस्टमधली भुकटी पाच मिनिटांत तळाशी बसते. वर राखाडी पाणी, खाली गाळ. वरचंवरचं लावत गेलात तर पहिली दहा झाकणं फिकी आणि शेवटची पाच जाड होणार. मी एअरब्रशच्या कपात सायकलच्या बेअरिंगचा एक बारीक छर्रा टाकून ठेवतो, दर दोन झाकणांनंतर हलवतो. भरण्याआधी नायलॉनच्या जुन्या मोज्यातून गाळून घ्या. ०.३ मिमीचा नोझल तुंबतो, ०.५ चा घ्या. हवेचा दाब २० ते २५ पीएसआय, अंतर वीतभर.

थर किती? स्टीलची चमक जेमतेम झाकली जाईल इतकाच. झाकण उजेडात तिरकं धरा : कुठेही आरसा दिसत नाही आणि कुठेही पोपडा नाही, झालं. जाड थर म्हणजे जास्त पक्कं, असं नवीन माणसाला वाटतं. होतं उलटं. वरचा थर भाजतो, उष्णता खाली पोचतच नाही, आणि मग घासणीबरोबर सगळं निघून येतं. ब्रशच्या रेघांचंही तेच. एअरब्रश नसेल तर फोमचा ब्रश घ्या, एकदा आडवा, वाळल्यावर एकदा उभा.

रसायनवाली

वरचं सगळं बरोबर. मी आधीच्या पायरीबद्दल लिहिते, कारण बहुतेकांचा घोटाळा तिथे होतो. नवीन डब्यांवर पॉलिशचं मेण आणि तेल असतं, डोळ्यांना दिसत नाही. आधी भांड्याच्या साबणाने धुवा, कोरडे करा, मग अ‍ॅसिटोन किंवा आयपीएने पुसा. पुसताना फडकं एकाच दिशेने न्या आणि प्रत्येक झाकणाला फडक्याची नवी बाजू. नंतर फक्त कडेने धरायचं. अंगठा टेकला तर तेवढ्या जागी ठसा फिका येतो, अंगठ्याच्या रेषांसकट. हे मी स्वतःच्या ट्रेवर पाहिलंय.

पातळ केलेली पेस्ट मशीनमध्ये ओली घालू नका. आयपीएची वाफ पेट घेते. साध्या हवेत पाच-दहा मिनिटं पुरतात. पावसाळ्यात जास्त, कारण आयपीए हवेतलं पाणी ओढतं. बोट लावून बघू नका, ओला थर गडद दिसतो, वाळला की मातकट राखाडी होतो. हेअर ड्रायर चालेल, पण स्प्रे केलेल्या खोलीत नाही, दुसऱ्या खोलीत नेऊन.

आणि कळकळीची विनंती : मास्क लावा. या पेस्टमध्ये बहुधा मॉलिब्डेनम या धातूची संयुगं असतात. त्यातल्या मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडला आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) २बी गटात, म्हणजे माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत टाकलंय. विक्रेत्याकडून सुरक्षापत्रक मागून घ्या. एअरब्रश करताना कापडी मास्क उपयोगाचा नाही. धूळ आणि वाफ दोन्ही अडवणारा काडतूसवाला घ्या. लेझरचा एक्झॉस्ट चालू ठेवा. न भाजलेली पेस्ट ओल्या स्पंजने पुसा, कोरडी झाडू नका. नाव झाकणाच्या बाहेरूनच घालताय ना? अन्न लागतं त्या बाजूला हे अजिबात नको. डीनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, म्हणून मी तरी आयपीएच सुचवीन.

पितळी_डबा

माझं मत थोडं वेगळं. १२० नग आणि १९ दिवस असतील तर जवळच्या फायबर लेझरवाल्याकडे जॉबवर्कला द्या. सीओटूचा किरण १०.६ मायक्रॉनचा, उघड्या स्टीलवरून तो बहुतांश परत फिरतो, म्हणून तर पेस्टची मधली मदत लागते. फायबरचा १.०६ मायक्रॉनचा, तो धातू थेट धरतो. पेस्ट नको, धुणं नको, एका झाकणाला मिनिटभरही लागत नाही.

ड्राय मॉली ल्यूबचा, म्हणजे मॉलिब्डेनमच्या कोरड्या वंगणाचा, स्प्रे स्वस्तात मिळतो, काही जण तोच मारतात. मीही मारलाय. काळं येतं, पण स्प्रेच्या डब्यागणिक फरक पडतो. स्वतःच्या पेनस्टँडला ठीक, लोकांच्या आहेराला नको.

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. पितळी_डबा दादा, फायबरचा विचार केला होता. पण याच घरातून पुढे मुंजीचीही ऑर्डर येणार आहे, आणि हे काम मला स्वतःला यायला हवंय. रसायनवाली ताई, नाव बाहेरूनच आहे. मास्क आजच आणतो.

एक राहिलं : देवनागरी मजकूर मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की 'श्री' आणि 'र्य' फुटतात.

सातपूरकर

इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाइप करा, पाथमध्ये म्हणजे रेषाकृतीत बदला, मग ती एसव्हीजी फाइल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये आयात करा. जोडाक्षर तेव्हा अक्षर राहत नाही, आकृती होते, फुटायला काही उरत नाही. आणि अक्षरांची उंची ५ मिमीच्या खाली नेऊ नका, रफार भरून येतो.

घाटमाथा

सहा दिवसांनी लिहितोय. आयपीए आणलं, ०.५ चा एअरब्रश एका मित्राकडून आणला. पेस्ट एकाला दीड. पट्टीवर २४ चौकोन मारले, त्यातले ७ घासणीला टिकले. माझ्या ट्यूबला ९० चा वेग आणि ६५ टक्के पॉवर बसली. ८० टक्क्यांवर कडा तपकिरी होत होत्या आणि पातळ झाकण किंचित वाकत होतं, ते आता होत नाही.

पहिल्या २० झाकणांत ३ बिघडली. दोन मी छर्रा हलवायला विसरलो म्हणून, एक अंगठ्यामुळे. ताईंनी लिहिलं होतं तसंच, 'सौ.' च्या टिंबावर रेषा अगदी स्पष्ट. अ‍ॅसिटोनने काही निघालं नाही, ती तीन बाजूला ठेवलीत. त्यानंतरच्या ४६ मध्ये एकही गेलं नाही. आईने एक झाकण नेहमीच्या राखेने आणि काथ्याने घासून पाहिलं. तिच्या हाताला नाव किंचित वर आल्यासारखं लागतं, कोरल्यासारखं नाही. ती म्हणाली, टिकेल.

पुढचा प्रश्न : त्याच घरच्यांना दोन तांब्याचे कलश हवेत. हीच पेस्ट चालेल?

पितळी_डबा

तांबं उष्णता इतकी झटकन पळवतं की पेस्ट भाजायला ताप उरत नाही, ६० वॅटला तर नाहीच. दोनच आहेत ना? पुण्यात तांबट आळीत हाताने नाव घालून देणारा कारागीर शोधा, नाहीतर फायबरकडे द्या. पितळ मात्र जमतं. वर लॅकर असेल तर आधी तो पूर्ण काढा.