वय ३६, खुबा बदलायचाय. सिमेंटचा की बिनसिमेंटचा?

उसाचा_फड: कोविडमध्ये स्टेरॉईड झाली, आता डाव्या खुब्यात एव्हीएन, म्हणजे रक्त न पोचून हाड मेलंय, मांडीच्या हाडाचा गोळा पार चेपलाय. डॉक्टर बिनसिमेंटचा सांधा घालू म्हणतात. मामांना सत्तरीत सिमेंटचा बसवलेला, शेवटपर्यंत टिकला. मग मला सिमेंट का नको? नुसता ठोकून बसवलेला सांधा ढिला नाही का पडणार? ट्रॅक्टर चालवतो, घरी दोन म्हशी आहेत.

उजवी_बाजू: भाऊ, माझा २००५ ला बदलला, मी तेव्हा ३१ची. बिनसिमेंटचाच. ठोकतात ते सुरुवातीच्या पकडीपुरतं. धातूचा पृष्ठभाग खरबरीत, सच्छिद्र असतो, त्यात आपलंच हाड शिरतं. त्याला दीड-दोन महिने तरी हवेत. मी सहा आठवडे कुबड्यांवर होते, सासूबाई रोज विचारायच्या, "अजून काठीच?" सिमेंट त्याच दिवशी घट्ट धरतं, म्हाताऱ्या ठिसूळ हाडाला ते बरं. आपल्या वयात पुढे कधीतरी दुसरं ऑपरेशन धरूनच चालायचं, आणि तेव्हा मांडीच्या हाडातून जुनं सिमेंट खरवडून काढणं म्हणजे डोकेदुखी.

पण खरं सांगू? माझा मांडीच्या हाडातला दांडा आणि कमरेच्या हाडातली वाटी आजही जागची हललेली नाही. दगा दिला वाटीतल्या प्लॅस्टिकने. २०१९ ला सहज काढलेल्या एक्स-रेत गोळा वाटीत वर सरकलेला, आणि वाटीमागच्या हाडात काळा खळगा. प्लॅस्टिकची बारीक भुकटी हाड खात होती. दुखत काहीच नव्हतं! लायनर, म्हणजे वाटीतलं ते प्लॅस्टिकचं अस्तर, आणि गोळा बदलला, हाडाची भर घातली, निभावलं. म्हणून लायनर कुठला ते आधी विचारा.

फिजिओ_काका: ताईंशी सहमत. आता लायनरसाठी हायली क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन नावाचं जास्त टणक प्लॅस्टिक मिळतं, ते जुन्यापेक्षा खूपच कमी झिजतं. तरुणांना त्यावर सिरॅमिकचा गोळा घालतात. सिरॅमिकवर सिरॅमिकही टिकतं, पण काहींचा चालताना करकरतो. आणि दुसऱ्या ऑपरेशनचं म्हणाल, तर २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनचे आकडे आले होते: पन्नाशीच्या सुरुवातीला सांधा बदललेल्या पुरुषांत आयुष्यभरात पुन्हा ऑपरेशनची शक्यता ३५ टक्क्यांपर्यंत, सत्तरीनंतर साधारण ५. तुम्ही तर छत्तीसचे. दुखो न दुखो, डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे चुकवू नका. धार काढायला उकिडवं बसणं मात्र विसरा.

उसाचा_फड: लायनरचं नाव डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतो. धारेचं बायकोला आज रात्री सांगतो, जेवण झाल्यावर.